दहातली तीन घमेली

त्या वर्षी पाणी आटलं आणि बेडकाच्या घराला बरे दिवस आले. बोलायला वाईट वाटतं, पण खोटं कशाला बोला? विहिरींचे तळ उघडे पडले की विहीर खोल करणाऱ्यांना बोलावणी येतात, आणि बेडकाच्या घरात आजोबापासून तोच धंदा. बेडूक हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. दिवसभर विहिरीत असायचा, संध्याकाळी चिखलानं माखून वर यायचा आणि उजेडाला डोळे मिचकावत काठावर बसायचा, म्हणून गावानं ते ठेवलं. त्यानंही कधी राग मानला नाही.

तेव्हा काम चालू होतं बागवाल्याच्या विहिरीवर. मुरूम संपून काळा कातळ लागला होता. तळाला बेडूक आणि त्याचा धाकटा भाऊ, हातात पहार आणि घण. काठावर यारीला बेडकाची बायको. यारी म्हणजे इंजिनावर चालणारा लांब लोखंडी हात. त्याला जाड तार, तारेला मोठी बादली. खालचे दोघं दगड फोडून बादली भरत. बायको ती वर ओढून घेई, यारीचा हात फिरवून ढिगावर रिकामी करी आणि ब्रेक धरत धरत पुन्हा खाली सोडी. सकाळी त्याच बादलीत उभे राहून दोघं खाली जात आणि संध्याकाळी वर येत. म्हणजे नवरा आणि दीर, दोघांचे जीव तिच्या उजव्या हातात. त्या हाताला ब्रेकच्या दांड्यानं असा घट्टा पडला होता की चुलीवरचं भांडं उतरवायला तिला फडकं लागत नसे.

जवळच झाडाखाली सासू बसायची. तिचं काम काय, असं कुणी विचारलं असतं तर घरातल्या कुणालाच नीट सांगता आलं नसतं. चहा करायची, खाली पाणी पाठवायची आणि उरलेला वेळ तारेकडे बघत बसायची. मधेच म्हणायची, "थांब." सून थांबायची. कधी तारेचा पीळ सुटलेला असायचा, कधी म्हातारीला नुसतीच शंका आलेली असायची. सून दोन्ही वेळा थांबायची.

म्हातारीच्या तरुणपणी यारी नव्हती. विहिरीच्या कडेनं खोदलेल्या पायऱ्यांवरून डोक्यावर घमेलं घेऊन चढायचं, रिकामं करून उतरायचं. तिच्या टाळूवर घमेल्याची जागा पडली होती, तिथं केस पुन्हा आलेच नाहीत. मजुरी मात्र जोडीची असे. नवरा-बायको मिळून एक जोडी, जोडीची एक मजुरी, आणि ती नवऱ्याच्या हातात. नवरा चांगला होता, पण पैसा म्हातारीनं दुरूनच पाहिला.

आता तिला सरकारची म्हातारपणाची पेन्शन मिळायची. थोडीशीच, पण तिच्या नावावर. त्यासाठी दरवर्षी कचेरीत रांगेला उभं राहावं लागे. खिडकीतली बाई विचारी, "जिवंत आहात ना?"

"आहे."

"काम?"

"काही नाही."

"उत्पन्न?"

"काही नाही."

पंख्याच्या घरघरीत बाईला ऐकू येत नसे, म्हणून म्हातारीला हे सगळं मोठ्यानं सांगावं लागे. रांगेतल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचं. त्या दिवशी ती घरी आल्यावर कुणाशी बोलायची नाही.

यारी त्यांच्या मालकीची नव्हती, ती तिसऱ्याची. कमाईतला तिसरा वाटा यारीचा, म्हणून अख्ख्या पंचक्रोशीत त्याला तिसरा म्हणत. हा गृहस्थ स्टूल घेऊन सावलीत बसायचा आणि संध्याकाळी वाटा घेऊन उठायचा. हल्ली त्याचे गुडघे गेले होते आणि मुलाला या धंद्यात रस नव्हता.

"यारी काढून टाकतो म्हणतोय," तो एक दिवस म्हणाला. "तुम्ही घेणार असाल तर आधी तुम्हाला. हंगाम संपेपर्यंत थांबतो. मग पलीकडच्या गावचा एकजण तयारच आहे."

तेव्हापासून सुनेच्या डोक्यात यारी शिरली. कणीक मळताना यारी, केस विंचरताना यारी. आपली यारी झाली की तिसरा वाटा घरात. आणि यारी पलीकडच्या गावी गेली तर काय करायचं, पुन्हा पायऱ्या खोदून घमेली वाहायची? म्हातारीच्या टाळूकडे तिचं लक्ष जायचं आणि हात आपोआप स्वतःच्या डोक्यावर जायचा.

बेडकाला छंद एकच, बाजाराच्या दिवशी लॉटरीचं एक तिकीट. बायको म्हणायची, "दगडातून पाणी काढता आणि पैसे पाण्यात घालता." तो हसायचा आणि तिकीट टोपीच्या आत खोचायचा. हरलेली तिकिटंही टाकायचा नाही. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात नीट रचून ठेवायचा, जणू कधीतरी त्यांना अंकुर फुटणार.

आता या धंद्यातला एक जुना नियम सांगायला हवा. तळाचं ते काठाचं. विहिरीच्या तळाशी गाळात जे काही सापडेल, तांब्या, अंगठी, नाणं, ते मूळ मालकानं ओळखलं नाही तर काठावर यारी धरणाऱ्याचं. खाली असलेल्याचा त्यावर हक्क नाही, वस्तू त्याची स्वतःची असली तरी. वरच्याचा जीव खालच्यावर राहावा म्हणून हा नियम, असं म्हातारी सांगायची. एकदा एक कवळी सापडली, तीही नियमानं सुनेचीच. पण बागवाल्याच्या चुलत्यानं ती ओळखली, धुतली आणि तिथल्या तिथं तोंडात घातली.

तर एक दिवस बादली ढिगावर उलटली आणि दगडाच्या चुऱ्यात सुनेला लाल-निळं काहीतरी दिसलं. तिनं ते उचललं, झटकलं आणि विहिरीत वाकून ओरडली, "अहो, टोपी बघा!"

खालून जरा वेळानं आवाज आला, "अगं, माझं तिकीट!"

"तुमचं होतं. आता तळाचं ते काठाचं!"

"अगं, ते वरूनच खाली आलेलं!"

"सगळंच वरून खाली येतं. तांब्या काय विहिरीत उगवतो?"

धाकट्याचं हसणं विहिरीत घुमत वर आलं. तिनं तिकीट इंजिनाच्या गरम पत्र्यावर वाळत घातलं आणि चहाच्या डब्यात टाकून दिलं. नवऱ्याची जिरवली यातच तिला बक्षीस मिळालं होतं.

पुढच्या बाजारानंतर तिकीटवाला सायकल ढेकळांतून दामटत विहिरीवर आला. दुरूनच ओरडत होता. "दुसरं बक्षीस! बेडूकराव, दुसरं बक्षीस!"

बादली तेव्हा अर्ध्यात लोंबकळत होती. सून मान वळवून बघायला लागली.

"आधी बादली खाली टेकव," म्हातारी म्हणाली. "बक्षीस कुठं पळत नाही."

सुनेनं बादली टेकवली, ब्रेकला अडणी लावली, इंजिन बंद केलं आणि मग मटकन खाली बसली. तिकीटवाल्यानं रक्कम सांगितली. तिसऱ्यानं यारीची जी किंमत सांगितली होती, जवळपास तेवढीच. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो म्हणतात. इथं छप्परही नव्हतं, उघड्या विहिरीतूनच दिलं.

"पण एक आहे," तिकीटवाला घाम पुसत म्हणाला. "सरकार आधीच कर कापून घेतं. दहातले तीन."

"म्हणजे दहा घमेली वर काढली, तर तीन सरकारच्या ढिगावर?" सुनेनं विचारलं.

"तसंच समजा."

"का? सरकार खाली उतरलं होतं?"

तिकीटवाल्यानं सायकल वळवली. एक बादली रिकामी करून दुसरी भरेपर्यंतच्या वेळात सून विचार करू लागली. तीन घमेली गेली की यारी गेली. संध्याकाळपर्यंत तिला युक्ती सुचली होती आणि जेवताना तिनं ती सगळ्यांपुढे मांडली.

"तिकीट आत्याबाईंच्या नावानं भरायचं. कर उत्पन्नावर असतो ना? त्यांना उत्पन्न नाही. आणि ते काय आपण म्हणतोय? सरकारच दरवर्षी खिडकीत उभं करून त्यांच्याकडून वदवून घेतंय. मग आता कुठल्या तोंडानं कापतील?"

बेडूक घास हातात धरून बघतच राहिला. एवढी हुशार बायको आपल्याला मिळाली कशी, असा भाव त्याच्या तोंडावर होता. धाकटा म्हणाला, "वहिनी, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." म्हातारीनं फक्त विचारलं, "तिकीट तुझं आहे. तुला चालेल?"

"तुमचं-माझं काय वेगळं आहे का, आत्याबाई?" सून म्हणाली. तेव्हा तिला ते खरंच वाटत होतं.

तिकिटाच्या मागे म्हातारीचा अंगठा उठला. कागद गेले. काही आठवड्यांनी बँकेतून निरोप आला, तेव्हा सासू-सून दोघी गेल्या. काउंटरवरच्या मुलीनं पुस्तकात नोंद करून दिली. सुनेनं आकडा वाचला, पुन्हा वाचला.

"ताई, चूक झालीय. यात कमी आहेत."

"चूक नाही. कर कापून आलेत."

दहातली तीन घमेली गेली होती ती गेलीच होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं गाव म्हणालं नसतं तरच नवल. पण गावाला अजून कळलं नव्हतं, म्हणून ते सुनेनं स्वतःच स्वतःला म्हणून घेतलं.

तालुक्याला बी-बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत एक तरुण माणूस लोकांचे कराचे कागद भरून द्यायचा. दुसऱ्या दिवशी काम बंद ठेवून सगळे तिकडे गेले. जिना अरुंद होता, म्हातारीला मधे घेऊन चढले. कर कापला तसा परत आणता येईल, अशी सुनेला आशा होती. बेडकानं काखेत बिस्किटांचा डबा घेतला होता.

तरुणानं सगळं ऐकून घेतलं. हसला नाही, हे त्याचं चांगलं.

"कष्टाच्या कमाईला उंबरा असतो," तो म्हणाला. "कमाई उंबऱ्याच्या आत असली तर कर नाही. पण लॉटरी, पत्ते, पैज, शर्यत, यांना उंबराच नाही. पहिल्या पैशापासून कापायचं. ज्याच्या नावावर आली त्याला दुसरं उत्पन्न असो की नसो."

"मग परत नाही मिळणार?"

"नाही."

बेडकानं डबा टेबलावर ठेवून झाकण उघडलं. "मग हे वजा करा. इतक्या वर्षांची हरलेली तिकिटं आहेत. एकही टाकलेलं नाही."

"हरलेलं वजा होत नाही."

"जिंकलं तर सरकारचा वाटा, आणि हरलं तर मी एकटा?"

"हो."

"हे तर तिसऱ्यापेक्षा भारी झालं. तिसरा निदान यारी तरी देतो."

या वेळी मात्र तरुण हसला. मग म्हणाला, "कापला असला तरी आजींना विवरण भरावं लागेल. एवढी रक्कम आली, एवढा कर गेला, असं दाखवावं लागतं."

"कापलं त्यांनी, आणि सांगायचं आम्ही?" सून म्हणाली.

"बरोबर आहे त्याचं," म्हातारी पहिल्यांदाच बोलली. "बादल्या वरच्यानंही मोजायच्या आणि खालच्यानंही. तरच भांडण होत नाही."

तरुणानं लिहायला घेतलं. नाव विचारलं, वय विचारलं. पुढची जागा त्यानं न विचारताच भरली आणि लिहिता लिहिता पुटपुटला, "व्यवसाय, काही नाही. उत्पन्न, लॉटरीचं."

"म्हणजे माझ्या नावावर पहिली कमाई लागली ती जुगाराची," म्हातारी म्हणाली.

"तसंच म्हणायचं, आजी."

"आणि जन्मभर घमेली वाहिली ती?"

त्यानं लेखणी थांबवली. "ती मजुरी तुमच्या हातात आली असती तर लिहिता आली असती."

तो पुढे म्हणाला, "आणखी एक. आजींना पेन्शन आहे ना? एवढं उत्पन्न दाखवल्यावर ती बंद होणार. आपणहून जाऊन सांगा. मागाहून कळलं तर दिलेली परत मागतील."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. तिकीट स्वतःच्या नावानं भरलं असतं तरी तीनच घमेली गेली असती, आणि पेन्शन राहिली असती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. जिना उतरताना तिनं म्हातारीचा हात धरला होता, की म्हातारीनं तिचा, सांगणं कठीण होतं.

पुढे कातळ कठीण होत गेला आणि घरातही तसंच झालं. यारीचा विषय कुणी काढायचा? पैसे कमी होते, आणि होते तेही म्हातारीच्या नावावर. ती अंगठा देईल तेव्हाच निघणार. बेडूक म्हणायचा, "आई काय नाही म्हणणार आहे का?" पण आई हो ही म्हणत नव्हती. तिसऱ्याबद्दल बोलणं निघालं की म्हणायची, "बघू."

हे "बघू" सुनेला झोंबायचं. शिवाय म्हातारीला बँकेची गोडी लागली होती. बाजाराला गेली की बँकेत जायची, पुस्तकात बघून घ्यायची. काउंटरवरची मुलगी तिला खुर्ची द्यायची. परत येताना म्हातारीची चाल वेगळी असायची. सून मनात म्हणायची, तुमचं-माझं वेगळं नाही असं मीच बोलले होते ना? आता भोगा. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची, कारण तिच्याच शहाणपणापायी म्हातारीची पेन्शन चालली होती. राग धरावा तर कुणावर, हेही तिला कळेना. त्या दिवसांत तिनं ब्रेक एवढा घट्ट धरला की संध्याकाळी बोटं सरळ व्हायची नाहीत. म्हातारी ती बोटं मांडीवर घेऊन चोळून द्यायची, आणि दोघीही यारीबद्दल बोलायच्या नाहीत.

शेवटी एका दुपारी आभाळात पहिल्यांदा ढगांचे पुंजके दिसले तेव्हा तिला राहवेना. बादली खाली टेकवून ती झाडाजवळ गेली.

"आत्याबाई, हंगाम संपत आला. यारी जाईल."

"माहीत आहे."

"मग?"

"मला आधी कचेरीत जाऊन यायचंय. तू चल बरोबर."

कचेरीत नेहमीसारखी रांग होती. पंखा घरघरत होता. म्हातारी खिडकीशी पोचली तेव्हा मागे दहा-पंधरा माणसं असतील, बहुतेक तिच्याच वयाची. खिडकीतल्या बाईनं वर न बघता सुरुवात केली.

"जिवंत आहात ना?"

"आहे."

"काम? उत्पन्न?" बाईनं उत्तराची वाट न बघता लेखणी टेकवली सुद्धा.

"आहे," म्हातारी म्हणाली.

"अं?"

"उत्पन्न आहे म्हणते!" आता ती एवढ्या मोठ्यानं बोलली की पंख्याचा काय पाड लागणार? रांगेतली डोकी वर झाली. "कर भरलाय त्याच्यावर. दहातली तीन घमेली."

बाईनं चष्मा काढला. कागद बघितले, आणि मग जरा नरमाईनं म्हणाली, "आजी, मग पेन्शन थांबवावी लागेल हो."

"थांबवा."

बाहेर आल्यावर म्हातारी पायरीवर बसली, पाणी प्याली. सून रडायच्या बेतात होती. पण म्हातारीचा चेहरा बघून ती थांबली. सासूला इतकं खूश तिनं स्वतःच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

"सूनबाई, ती तीन घमेली फुकट नाही गेली," म्हातारी म्हणाली. "चल आता. तिसऱ्याकडे जाऊ."

तिसरा ओट्यावर बसला होता. म्हातारीनं सरळ विषय काढला. हातात एवढे आहेत, एवढे कमी पडतात.

"वहिनी, कमी पडतात ते कसे भरणार?" तिसऱ्यानं विचारलं.

"तुमच्या विहिरीला पाणी किती आहे?"

जन्मभर दुसऱ्यांच्या विहिरींवर यारी लावणाऱ्या या माणसाची स्वतःची विहीर ठणठणीत कोरडी होती. यारी कधी मोकळी सापडलीच नाही. सापडली तर वाटा बुडायचा म्हणून त्याचा जीव व्हायचा नाही. दिव्याखाली अंधार तो असा. त्याची बायको दूरवरून पाणी आणायची आणि येता-जाता त्याला ऐकवायची.

"पाझर लागेपर्यंत खोल करून देतो," म्हातारी म्हणाली. "कमी पडले ते त्यात फिटले."

आतून तिसऱ्याची बायको म्हणाली, "हो म्हणा!" आणि व्यवहार ठरला.

घरी आल्यावर म्हातारीनं आपली अट सांगितली. "यारी माझ्या नावावर राहील. यारीचा वाटा मला द्यायचा. तिसरा हिस्सा नको, पेन्शन होती तेवढाच. बाकी घरात."

बेडूक म्हणाला, "आई, घरातल्या घरात कसला वाटा?"

"यारीला वाटा असतो," सून पटकन म्हणाली. "नियम आहे." आणि ती उठून चहा ठेवायला गेली, कारण डोळे भरून आलेले तिला दाखवायचे नव्हते.

तिसऱ्याच्या विहिरीवर यारी उभी राहिली. या वेळी स्टुलावर बसायला त्याला वेळच नव्हता. विहीर त्याची, म्हणून चहापाणी त्याच्याकडे. गुडघे धरत तो घरातून विहिरीवर आणि विहिरीवरून घरात करत होता, आणि त्याच्या बायकोला ते बघून फार बरं वाटत होतं. तळाला कातळ होताच, पण चिरलेला. एका दुपारी बेडकाची पहार आत गेली आणि ओली होऊन बाहेर आली. मग बोटभर धार सुटली. दोघं घोट्यापर्यंत पाण्यात उभे राहून ओरडायला लागले. म्हातारी काठाशी येऊन वाकून बघत राहिली, आणि सुनेनं एका हातानं ब्रेक आणि दुसऱ्या हातानं तिला धरून ठेवलं.

वर्ष गेलं. पाऊस बेताचाच झाला, विहिरी पुन्हा तळाला गेल्या, यारी फिरत राहिली. म्हातारी बाजाराच्या दिवशी आपला वाटा बँकेत टाकायची. विवरणाचे दिवस आले तेव्हा तिनंच सुनेला आठवण केली आणि दोघी पुन्हा तो अरुंद जिना चढल्या.

तरुणानं त्यांना ओळखलं. "यंदा काय लागलं, आजी?"

"यंदा यारीचा वाटा." तिनं पुस्तक पुढे केलं.

त्यानं बघितलं, बेरीज केली. "एवढ्यावर कर लागत नाही."

"का? मागच्या वर्षी तर पहिल्या पैशापासून कापलात."

"ते जुगाराचं होतं. हे कमाईचं, आणि उंबऱ्याच्या आतलं."

"बघ," म्हातारी सुनेकडे वळली, "कळतं म्हणायचं सरकारला."

"विवरण भरायचीही गरज नाही," तो म्हणाला. "उलट तुमची पेन्शन पुन्हा सुरू होईल. उत्पन्न थोडं आहे, ते बसतं. फक्त काम करत नाही असं लिहून द्यावं लागतं. आत्ताच अर्ज करू या." त्यानं कागद ओढला आणि लिहायला लागला. "नाव... वय... व्यवसाय, काही..."

"थांब," म्हातारी म्हणाली.

सुनेनं सवयीनं हात आवळला, जणू ब्रेकच धरलाय. तरुणाची लेखणीही जागच्या जागी राहिली.

"तिथं दुसरं काही लिहिता येईल?"

"लिहिलं तर पेन्शन मिळणार नाही, आजी."

सुनेला ठाऊक होतं ते किती पैसे आहेत. वाट्यावर पुन्हा तेवढेच. नवी तार आली असती.

"मग पेन्शन राहू दे," म्हातारी म्हणाली. "ते विवरण भर."

"अहो, पण त्याची गरज नाही म्हटलं ना. उगीच माझी फी कशाला भरता?"

"तू भर, बाबा. त्यात ती जागा असते ना, व्यवसायाची? तिथं लिही, विहिरीचं काम."

त्यानं दोघींकडे बघितलं आणि लिहिलं. म्हातारीनं त्याला ते वाचायला लावलं. एकदा वाचून झाल्यावर तिनं आणखी एकदा वाचायला लावलं. फी सुनेनं दिली.

विहिरीवर पोचल्या तेव्हा बेडूक आणि धाकटा काठावर पाय सोडून बसले होते. यारीवर कुणी नाही तर खाली उतरणार कसे?

"आई, कर किती लागला?" बेडकानं विचारलं.

"काही नाही!" म्हातारी मोठ्यानं म्हणाली, पार रस्त्यापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि झाडाखाली न जाता यारीशी येऊन उभी राहिली. सुनेनं इंजिन सुरू केलं. दोघं बादलीत चढले, आणि ब्रेकच्या दांड्यावर सुनेच्या हाताशेजारी म्हातारीनं आपला हात ठेवला.